निळ्या रेणूचा मुक्काम

मंचरहून भीमाशंकरकडे निघाले की घोडेगाव, शिनोली मागे पडते आणि डिंभ्याचे धरण दिसू लागते. मे सरत आला की या पट्ट्यातल्या पडव्यांवर, गोठ्यांवर, कांद्याच्या ढिगांवर निळ्या ताडपत्र्या चढतात. अशाच एका घराच्या ओट्यावर बसलो होतो. घरमालक जुनी ताडपत्री उलगडत होते. दोन उन्हाळे झेललेली ती ताडपत्री घडीच्या रेषेवर पापडासारखी मोडली आणि त्यांच्या तळहातावर निळा भुगा राहिला. "उन्हानं खाल्ली," एवढेच म्हणून त्यांनी ती बाजूला टाकली.

त्याच ओट्यावर त्यांचा मुलगा फोन घेऊन बसला होता. पांढऱ्या पडद्यावर खालच्या भागात कीबोर्डची पिवळट सावली कायमची उमटली होती. घोडेगावच्या दुकानदाराने त्याला सांगितले होते, "फोल्डरच बदलावा लागेल. ओरिजिनल अमोलेड टाकू, का इनसेल चालेल?" (फोल्डर म्हणजे काचेसह सगळा पडदा, इनसेल म्हणजे स्वस्तातला एलसीडी.) दोन्हींच्या किमतींतला फरक ऐकून तो तसाच परत आला होता. सावली का पडते, हे त्याला माझ्याकडून हवे होते.

ताडपत्री आणि पडदा यांच्या मरणाचे कारण एकाच कुळातले आहे. उन्हातल्या जंबुपार किरणांच्या प्रत्येक कणात इतकी ऊर्जा असते, की प्लॅस्टिकच्या लांब साखळीतला एखादा रासायनिक बंध तुटू शकतो. साखळ्या तुटत जातात आणि ताडपत्री ठिसूळ होते. फोनच्या पडद्यात निळा उजेड देणारे सेंद्रिय रेणू असतात. त्यांना जवळपास तेवढीच ऊर्जा स्वतःच्या पोटात साठवावी लागते आणि मगच ती उजेड म्हणून बाहेर पडते. ताडपत्रीवर ऊन बाहेरून पडते. निळ्या रेणूला ते आतून सोसावे लागते. म्हणून पडद्यातला निळा सर्वांत आधी थकतो. निळा कमी झाला की पांढऱ्यात लाल-हिरवा उरतो, म्हणजे पिवळसर झाक. त्या मुलाच्या फोनवरची सावली अशी होती. (आजकाल अनेक फोनवर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ येते. तिचा दोष निळ्याच्या माथी मारू नये. ती बहुधा जोडणीच्या पट्टीतला किंवा चालक सर्किटमधला बिघाड असतो.)

ऑरगॅनिक लाइट एमिटिंग डायोड, म्हणजे ओएलईडी, आता फोन, टीव्ही, घड्याळ, लॅपटॉप सगळीकडे पोहोचला आहे. लाल आणि हिरव्याची कार्यक्षमता व आयुष्य यांचा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटला. निळ्याचा प्रश्न पंचवीस वर्षे झाली तरी पूर्ण सुटलेला नाही. या काळात काय काय करून पाहिले गेले आणि त्यातले काय टिकले, ते इथे मांडतो. वाचता वाचता माझे एक मत पक्के झाले, ते आधीच सांगून टाकतो. कार्यक्षमता आणि आयुष्य हे निळ्याच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न नाहीत. ऊर्जा घेतलेला रेणू त्या अवस्थेत किती वेळ मुक्काम करतो, या एकाच प्रश्नाची ती दोन टोके आहेत.

हिशेब साधा आहे. ६२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशकणात २ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते, ५३० च्या हिरव्यात सुमारे २.३ आणि ४६० च्या निळ्यात २.७. आता या रेणूंचे सांधे पाहू. कार्बन-नायट्रोजनचा एकेरी बंध साधारण ३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास तुटतो, कार्बन-कार्बनचा साडेतीनच्या पुढे. लाल रेणू या कड्यापासून लांब उभा असतो. निळा अगदी काठावर. त्यातही शेजारचा रेणू इलेक्ट्रॉन घेऊन भारित झालेला असेल तर त्याचे काही बंध आणखी सैल होतात आणि काठावरचे अंतर आणखी घटते.

गंमत अशी की या विषयाची सुरुवातच निळ्याने झाली. १९६३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकाला शेकडो व्होल्टचा दाब देऊन त्यातून उजेड काढला. अँथ्रासीन हा डांबरातून मिळणारा पदार्थ आणि त्याचा उजेड निळा. १९६५ मध्ये हेल्फ्रिश आणि श्नायडर यांनी दोन बाजूंनी विरुद्ध भार आत सोडून तीच गोष्ट अधिक नेटकेपणे दाखवली. पण इतक्या दाबावर चालणारी वस्तू घरात कोण ठेवणार? निळा उजेड देणारे सेंद्रिय रेणू तसे आपल्या घरातही फार पूर्वी आले होते. पांढऱ्या कपड्यांसाठी जे टिनोपॉल किंवा रानीपाल वापरले जाई, ते अदृश्य जंबुपार किरण शोषून निळसर उजेड परत देणारे रेणू असत. पांढरा शर्ट उन्हात फार वाळवला की पिवळट दिसू लागतो, यामागे त्या रेणूंचे मोडणेही असते. निळ्याचा प्रश्न आपल्या धुण्याच्या दोरीवर कधीपासून टांगलेला होता.

खरी कलाटणी १९८७ ची. ईस्टमन कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन अतिपातळ सेंद्रिय थर एकावर एक चढवले. एक थर धनभार, म्हणजे होल, वाहून आणणारा. दुसरा इलेक्ट्रॉन आणणारा आणि उजेडही देणारा. दहा व्होल्टच्या आत हिरवा उजेड पडला. बाहेर येणारी कार्यक्षमता सुमारे एक टक्का होती, तरी रस्ता सापडला होता. १९९० मध्ये केंब्रिजच्या बरोज, ब्रॅडली आणि फ्रेंड यांच्या गटाने पॉलिमरमधून उजेड काढला. १९९५ च्या सुमारास जपानच्या इदेमित्सु कोसान कंपनीने डायस्टायरिल-अरिलीन जातीचे निळे रेणू पुढे आणले. कपड्यांच्या सफेदीतल्या रेणूंचे ते नात्यातलेच. १९९७ मध्ये पायोनियरने गाडीतल्या स्टिरिओवर ओएलईडीचा छोटा पडदा बसवला. २००७ मध्ये सोनीचा ११ इंची टीव्ही आला. तेव्हापासून निळ्याची रड चालूच आहे.

कार्यक्षमतेचा पेच कुठे आहे ते पाहू. इलेक्ट्रॉन आणि होल एखाद्या रेणूवर भेटले की रेणू उद्दीपित होतो. या उद्दीपित जोडीला एक्सायटॉन म्हणतात. इलेक्ट्रॉनच्या फिरकीच्या नियमाने चारांतला एक एक्सायटॉन सिंगलेट जातीचा आणि तीन ट्रिप्लेट जातीचे होतात. साधा फ्लुओरेसंट रेणू फक्त सिंगलेटमधून उजेड देतो. उरलेले पाऊण भांडवल उष्णता होऊन जाते. म्हणजे वीज घालायची चार आण्यांची आणि उजेड मिळायचा एका आण्याचा.

१९९८ मध्ये मार्क बाल्डो, स्टीफन फॉरेस्ट, मार्क थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी रेणूच्या मध्यभागी प्लॅटिनमसारखा जड धातू बसवून ट्रिप्लेटलाही उजेड द्यायला लावले. जड अणूजवळ फिरकीचा नियम सैल होतो. पुढच्याच वर्षी इरिडियमचा हिरवा रेणू आला आणि अल्पावधीत आतली कार्यक्षमता, म्हणजे बाहेर पडण्याआधी आतच उजेडात रूपांतर होणारा वाटा, जवळपास शंभर टक्क्यांवर गेली. ही वाट फॉस्फोरेसन्सची. आज पडद्यांतला लाल आणि हिरवा याच वाटेचा आहे. निळ्यासाठीही २००१ मध्ये इरिडियमचा आकाशी रेणू आला. उजेड भरपूर, आयुष्य अगदी तोकडे. त्यामुळे बाजारातल्या पडद्यांत निळा मात्र फ्लुओरेसंटच राहिला, कमी कार्यक्षम पण टिकाऊ. त्याला कमी भार यावा म्हणून अनेक फोनच्या पडद्यांत निळा ठिपका हिरव्यापेक्षा मोठा ठेवतात. पसरट ठिपक्यातून तेवढाच उजेड कमी प्रवाहात निघतो.

निळा फॉस्फोरेसंट इतका लवकर का मरतो? इथे मुक्कामाचा मुद्दा येतो. फ्लुओरेसंट रेणू काही नॅनोसेकंदांत उजेड टाकून मोकळा होतो. फॉस्फोरेसंट रेणूला मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सुमारे हजारपट वेळ. एवढा वेळ तो भरलेली बंदूक घेऊन गर्दीत उभा असतो. त्या अवधीत शेजारून एखादा इलेक्ट्रॉन किंवा होल गेला, किंवा दुसरा उद्दीपित रेणू भेटला, की दोघांची ऊर्जा एकावर गोळा होते. २.७ अधिक २.७ म्हणजे ५.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. इतकी ऊर्जा एका रेणूवर आली की कुठला ना कुठला बंध सुटतोच. फॉरेस्ट यांच्या गटातील गीबिंक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे टकरीचे मरण मोजून मांडले. मेलेला रेणू नुसता मुका होत नाही. त्याचे तुकडे जवळच्या चांगल्या रेणूंची ऊर्जा खेचून घेणारे खड्डे बनतात. पाच टक्के रेणू गेले तर उजेड पाच टक्क्यांहून अधिक घटतो, तो यामुळे.

हे किती मोठे ओझे आहे ते एका ढोबळ हिशेबाने दिसते. चांगला उजळ पडदा धरा. दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर प्रवाह, म्हणजे सेकंदाला सुमारे ६ × १०^१६ इलेक्ट्रॉन. उजेड देणारा थर ३० नॅनोमीटर जाड. त्यातल्या दहा रेणूंत एक उजेड देणारा, तर चौरस सेंटिमीटरमागे असे सुमारे ३ × १०^१४ रेणू. भागाकार केला की प्रत्येक रेणूच्या वाट्याला सेकंदाला दोनशे फेऱ्या येतात. हजार तासांत सत्तर कोटींच्या वर. सत्तर कोटी वेळा काठापर्यंत जायचे आणि एकदाही पडायचे नाही, एवढी अपेक्षा या रेणूकडून आहे. हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा निळा लवकर मरतो याचे नवल संपले. तो इतका टिकतो, हेच नवल वाटू लागले.

उपायांकडे आता याच नजरेने पाहता येते.

जुन्या फ्लुओरेसंट निळ्याला अँथ्रासीन जातीच्या आधार-रेणूंनी, म्हणजे ज्यांत उजेड देणारे रेणू मिसळतात त्यांनी, नवे बळ दिले. या रेणूंत दोन ट्रिप्लेट एकत्र येऊन एक सिंगलेट तयार होऊ शकतो. म्हणजे टक्कर इथे कामाला लावली आहे. वाया जाणाऱ्यातले थोडे परत मिळते आणि आतल्या कार्यक्षमतेची कमाल मर्यादा २५ वरून ६२.५ टक्क्यांपर्यंत सरकते. आज आपल्या हातातल्या बहुतेक पडद्यांतला निळा असा आहे. शोधनिबंधांत त्याचे कौतुक कमी होते. पण गेली अनेक वर्षे घराघरांतला उजेड त्यानेच सांभाळला.

फॉस्फोरेसंटवाल्यांनी गर्दी कमी करण्याचा विचार केला. २०१४ मध्ये फॉरेस्ट यांच्या गटाने उजेड देणाऱ्या रेणूंचे प्रमाण थराच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे कमी-कमी करत नेले. एकाच जागी होणारी एक्सायटॉनची दाटी थरभर पसरली आणि आयुष्य दहापट झाले. २०१७ मध्ये त्यांनी अतिऊर्जित रेणूची ऊर्जा स्वतःकडे वळवून घेणारा 'व्यवस्थापक' रेणू थरात मिसळला. १००० निट्सपासून (निट हे पडद्याच्या उजळपणाचे एकक) ८० टक्क्यांवर यायला त्या उपकरणाला ३३४ तास लागले. तेव्हा ही मोठी बातमी होती. ३३४ तास म्हणजे सलग चौदा दिवस, आणि रंगही खरा निळा नव्हता, आकाशी होता. डिंभ्याच्या ओट्यावरच्या मुलाला या आकड्याने समाधान वाटणार नाही, पण ज्याने आधीचे आकडे पाहिले त्याला ते वाटते. प्लॅटिनमचे रेणूही पुन्हा पुढे आले. चार हातांनी एकच सेंद्रिय चौकट धातूला घट्ट धरून ठेवते, असे ते रेणू. ॲरिझोनात जियान ली यांच्या गटाने ही दिशा घडवली. त्यांचा मुद्दा असा की निळ्या रेणूंत धातू आणि त्याला धरणारी चौकट यांतला सांधाच आधी सुटतो, मग तो सुटूच नये अशी मांडणी करावी. २०२२ पर्यंत प्लॅटिनमच्या निळ्याचे प्रयोगशाळेतले आयुष्य हजार तासांच्या घरात पोहोचले.

तिसरी वाट जड धातूशिवायची. २०१२ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने असे रेणू दाखवले, ज्यांत सिंगलेट आणि ट्रिप्लेट यांच्या ऊर्जेतले अंतर अगदी कमी असते. खोलीच्या उष्णतेचा धक्का मिळाला की ट्रिप्लेट पायरी चढून सिंगलेट होतो आणि उजेड देतो. बाहेर येणारी कार्यक्षमता १९ टक्क्यांवर गेली, इरिडियमशिवाय. दोनच वर्षांत निळा रेणूही आला. पण पायरी चढायला वेळ लागतो आणि निळ्याच्या बाबतीत वेळ म्हणजे धोका. शिवाय या रेणूंचा उजेड रंगपट्टीवर फार पसरट. निळा म्हणून सुरू होतो आणि हिरव्यात घुसतो. मग गाळणी लावा, गाळणीत उजेड घालवा.

या पसरटपणावर जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकुजी हाताकेयामा यांनी जे काढले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत देखणे काम वाटते. बोरॉन आणि नायट्रोजन एका कडक, सपाट चौकटीत आलटून पालटून बसवले की इलेक्ट्रॉनची घनता एका अणूवर दाट, शेजारच्यावर विरळ अशी वाटली जाते. उजेड देताना रेणूचा आकार फारसा हलत नाही, म्हणून रंग शुद्ध राहतो. २०१६ मध्ये पहिला रेणू आला. २०१९ मध्ये न्यू-डाबना आला. ४६९ नॅनोमीटरला शिखर, पट्ट्याची रुंदी फक्त १८ नॅनोमीटर आणि बाहेरची कार्यक्षमता ३४.४ टक्के. सेंद्रिय रेणूकडून इतका काटेकोर निळा मिळेल असे फार कुणाला वाटले नव्हते. आयुष्याचा प्रश्न मात्र तिथेही उरला, कारण त्याचाही ट्रिप्लेट मुक्काम मायक्रोसेकंदांचाच.

यातून निघालेली युक्ती मला सर्वांत आशादायक वाटते. कामे वाटून द्यायची. ट्रिप्लेट पकडायचे काम एका रेणूने करायचे, फॉस्फोरेसंट किंवा अदाचींच्या जातीच्या, आणि उजेड टाकायचे काम अरुंद पट्ट्याच्या दुसऱ्या चपळ रेणूने. पहिला पकडतो आणि ताबडतोब दुसऱ्याच्या हाती देतो. भात आवणीला एकाने रोपे उपटून मुठी बांधाव्या आणि दुसऱ्याने लगेच लावाव्या, तसे. हातात मूठ धरून उभे राहणे कुणालाच परवडत नाही. २०२१ मध्ये अदाचींच्या गटाने या पद्धतीने शुद्ध निळ्याचे आयुष्य आणि कार्यक्षमता एकाच उपकरणात वाढवून दाखवली. यात रेणूला अधिक सोसायला शिकवलेले नाही. त्याच्यावर येणारी वेळच कमी केली आहे.

मुक्काम बाहेरूनही आखडता येतो. धातूच्या पापुद्र्याजवळ उद्दीपित रेणू आणला की त्याची ऊर्जा धातूतल्या इलेक्ट्रॉनच्या लाटांकडे झटकन निघून जाते. पूर्वी हा तोटा समजत. मग त्या लाटेतून उजेड परत काढता येईल अशी रचना झाली, आणि २०२४ मध्ये फॉरेस्ट यांच्या गटाने 'नेचर'मध्ये निळ्या फॉस्फोरेसंटचे आयुष्य या तत्त्वाने कैक पटींनी वाढल्याचे दाखवले. तिथे रेणू तोच होता, बदलला होता तो शेजार.

आता एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. रेणूतला साधा हायड्रोजन काढून त्याजागी ड्युटेरियम बसवला तर रेणूचा रंग जवळपास तोच राहतो, पण बंध तुटणे अवघड होते. ड्युटेरियमचे वजन हायड्रोजनच्या दुप्पट, त्यामुळे तो बंध कमी थरथरतो आणि तुटायला थोडी अधिक ऊर्जा मागतो. डिसेंबर २०२१ मध्ये एलजी डिस्प्लेने टीव्हीच्या पडद्यांत ड्युटेरियमचे रेणू वापरत असल्याचे जाहीर केले आणि उजेड ३० टक्क्यांपर्यंत वाढवता येईल असे सांगितले. निसर्गात हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंत एक ड्युटेरियम असतो. तो वेगळा काढणे कष्टाचे काम आहे आणि भारताला ते येते. अणुभट्ट्यांसाठी जड पाणी हवे म्हणून. रायगड जिल्ह्यात थळ येथे जड पाण्याचा कारखाना १९८७ मध्ये सुरू झाला, टँग यांच्या शोधनिबंधाच्याच वर्षी. तो शेजारच्या आरसीएफच्या खत कारखान्याला जोडलेला आहे. अमोनिया बनवण्यासाठी येणाऱ्या वायूतून ड्युटेरियम निवडून घ्यायचे आणि वायू खतासाठी परत द्यायचा. जुन्नर-आंबेगावच्या शेतात पडणाऱ्या 'उज्ज्वला' युरियाच्या पोत्यामागचा वायू आणि महागड्या पडद्यातल्या निळ्या रेणूचे आयुष्य वाढवणारा अणू एकाच कुंपणाशी येतात. हेवी वॉटर बोर्डाने दक्षिण कोरियाला जड पाणी निर्यातही केले आहे. माझे म्हणणे स्पष्ट आहे. जड पाणी विकण्यापेक्षा त्यापासून ड्युटेरियमचे शुद्ध सेंद्रिय रेणू बनवणे हे महाराष्ट्रातल्या रसायन उद्योगाला जमण्यासारखे आहे आणि त्याने ते मनावर घ्यायला हवे.

पडद्यांचा कारखाना आपल्याकडे येणार अशी चर्चा २०२२ मध्ये झाली होती. वेदांत आणि फॉक्सकॉन यांच्या सेमिकंडक्टर-डिस्प्ले प्रकल्पासाठी तळेगावचे नाव घेतले जात होते. सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातशी करार झाला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. त्यावर आपल्याकडे पुष्कळ राजकारण झाले. पदार्थांच्या रसायनाबद्दल फारसे कोणी बोलले नाही. खरे तर कारखान्यापेक्षा पदार्थाचे रसायन आपल्या आवाक्यात जास्त आहे.

आपल्याकडे या रेणूंवर काम झालेलेच नाही असे नाही. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठात डॉ. संजय ढोबळे आणि डॉ. एन. थेजो कल्याणी यांनी ओएलईडीच्या प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर अनेक वर्षे काम केले. त्यात क्विनोलिन वर्गातले निळे रेणूही आहेत. त्यांचा २०१२ चा ऊर्जाबचतीच्या अंगाने लिहिलेला आढावा आणि २०१७ चे हेंड्रिक स्वार्ट यांच्यासोबतचे पुस्तक बाहेरच्या देशांतही वाचले जाते. आयआयटी कानपूरला डिस्प्ले तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. तरी माझ्या वाचनात आलेले देशातले बरेच काम द्रावणातला किंवा चकतीवरचा उजेड मोजण्यापाशी थांबते. बंदिस्त उपकरण बनवून ते शेकडो तास जळत ठेवायचे आणि मरताना पाहायचे, हे काम खर्चाचे, संथ आणि कौतुक न मिळणारे. पण निळ्याचे खरे प्रश्न तिथेच उघडे पडतात.

बंदिस्त करण्याचे महत्त्व डिंभ्यात समजून सांगावे लागत नाही. जूनपासून चार महिने इथल्या हवेत ओल भरलेली असते, आगपेटी पेटत नाही. ओएलईडीला पाण्याची वाफ विषासारखी आहे. चांगल्या आवरणातून दिवसाला एका चौरस मीटरमागे एक ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाएवढीच वाफ आत जावी असा निकष लावतात. पदार्थाची शुद्धताही तितकीच निर्णायक. लाखात एखादा क्लोरीनयुक्त परका रेणू उरला तरी आयुष्याचा आलेख कोसळू शकतो. म्हणून दोन प्रयोगशाळांनी एकाच नावाच्या रेणूचे वेगवेगळे आयुष्य छापले तर गोंधळून जाऊ नये. नाव सारखे असले तरी बाटली वेगळी असते.

आकडे वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात असे मला वाटते. आयुष्य कशाचे, उजेड निम्मा होईपर्यंतचे की ९५ टक्क्यांपर्यंतचे? फोनवरची सावली निम्म्या उजेडाची वाट पाहत नाही. काही टक्क्यांचा फरकही डोळ्याला दिसतो. म्हणून पडद्यासाठी ९५ टक्क्यांचा आकडाच खरा. दुसरे, सुरुवातीचा उजेड किती? १०० निट्सचा आकडा १००० निट्सच्या शेजारी ठेवणे म्हणजे बैलगाडीचे टायर ट्रकला लावून मैल मोजणे. आणि तिसरे, निळा कुठला? आकाशी निळ्याला ऊर्जा कमी लागते, तो अधिक टिकतो. टीव्हीच्या नव्या मानकातला गडद निळा वेगळाच प्राणी आहे. पुष्कळ शोधनिबंध कार्यक्षमतेचा विक्रम पहिल्या ओळीत देतात आणि आयुष्याबद्दल एक शब्द लिहीत नाहीत. असे वाचले की मी तो आकडा कंसात टाकतो.

बाहेर न पडणारा उजेड हाही मोठा तोटा आहे. सेंद्रिय थरांत प्रकाशाचा वेग मंद असतो, त्यामुळे तयार झालेल्या उजेडातला पाऊण भाग आतच अडकतो. रेणू आडवे झोपवून रचले की उजेड समोर जास्त पडतो, म्हणून हल्ली रेणूच्या आकारातच हा विचार करतात. बाहेर दीडपट उजेड निघाला तर प्रवाह तेवढा कमी पुरतो आणि आयुष्य वाढते. एकावर एक दोन उपकरणे रचण्याची रीतही याच हिशेबावर उभी आहे. तोच उजेड दोघांनी मिळून द्यायचा, प्रत्येकावर निम्मा भार. मे २०२४ मध्ये आलेल्या आयपॅड प्रोमध्ये अशी दुहेरी रचना आहे. सॅमसंगच्या क्वांटम डॉट पडद्यांत तर लाल-हिरवाही निळ्यापासूनच बनतो, तिथे निळा थकला तर सगळा पडदाच थकतो.

भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्याच्या रात्री कुजक्या फांद्यांवर मायसिना जातीची बुरशी हिरवट उजळते. तीही सेंद्रिय रेणूंची दिवाळीच. पण तिची रीत पूर्ण उलटी आहे. तिला ओल हवी, ऑक्सिजन हवा, ज्यांनी ओएलईडी मरतो. तिचा उजेड देणारा रेणू ऑक्सिजनशी जळतो, उजेड देतो आणि संपतो. मग तिच्या पेशी कॅफेइक आम्लापासून तो रेणू पुन्हा बांधतात. २०१८ मध्ये हे चक्र पूर्ण उलगडले. कोकणच्या समुद्रात थंडीत लाटा निळ्या चमकवणाऱ्या सूक्ष्म जीवांचेही तसेच. जिवंत उजेडात कुठलाच रेणू सत्तर कोटी फेऱ्या मारत नाही. त्याच्या जागी रोज नवा येतो. काचेमागच्या निळ्याला बदली कामगार नाही.

म्हणून सध्या कंपन्या तडजोडीवर आल्या आहेत. मे २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने निळ्या फॉस्फोरेसंटचा पडदा मोठ्या उत्पादनाच्या मार्गावर नेण्याइतका तपासून झाल्याचे जाहीर केले. त्यात दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर जुना फ्लुओरेसंट निळा, वरच्यावर नवा फॉस्फोरेसंट. आधीच्या तुलनेत सुमारे १५ टक्के वीज वाचते आणि टिकाऊपणा जुन्याएवढा राहतो असे कंपनी सांगते. लाल आणि हिरव्याने फॉस्फोरेसन्सचा रस्ता केव्हाच पार केला, निळा आत्ता अर्ध्या वाटेवर आहे. खालचा मजला रिकामा करता येईल इतका टिकाऊ गडद निळा कुठे तयार झाला, तर तो बहुधा कामे वाटून घेणाऱ्या जोडीचाच असेल, आणि त्यांच्या अंगावर ड्युटेरियम असेल. त्या मुलाला मी एवढेच सांगितले की पडद्याचा उजेड कमी ठेव, पार्श्वभूमी काळी ठेव, आणि कीबोर्डही काळा कर. काळ्या ठिकाणी निळ्याला कामच नसते.